बावीस जुलैची गर्दी

परिपाठात दिनविशेष वाचायला उभी राहिलेली सहावीतली मुलगी त्या दिवशी बराच वेळ वाचत होती. तारीख होती २२ जुलै. १९४७ साली याच दिवशी संविधान सभेने तिरंगा राष्ट्रध्वज म्हणून स्वीकारला. १९२३ साली गायक मुकेश यांचा जन्म. १९५९ साली अजित पवार यांचा, १९७० साली देवेंद्र फडणवीस यांचा. २००९ साली एकविसाव्या शतकातलं सर्वांत जास्त वेळ टिकणारं खग्रास सूर्यग्रहण. २०१९ साली श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-२ चं उड्डाण. वही मिटून तिने मलाच विचारलं, "सर, एकाच तारखेला एवढं सगळं कसं काय?" मी तोंड उघडायच्या आत मागच्या रांगेतून उत्तर आलं, "दोन अधिक दोन चार. चार नंबरवाले मोठे होतात. घरी मोबाइलवर आलं होतं."

प्रश्न फार चांगला होता. उत्तर साफ चुकीचं होतं, आणि ते इतकं झटकन आलं याचं मला वाईट वाटलं. म्हणून त्या आठवड्यातला गणिताचा एक तास मी या प्रश्नाला दिला. हा लेख त्या तासातून निघाला आहे.

वहीत न आलेलंही बरंच होतं. १७८४ साली २२ जुलैलाच जर्मनीतल्या मिंडेन गावी फ्रीडरिश बेसेल जन्मला. एखादा तारा आपल्यापासून किती दूर आहे, याचं भरवशाचं मोजमाप सर्वांत आधी प्रसिद्ध केलं ते त्याने, १८३८ साली, हंस तारकासमूहातल्या एका मंद ताऱ्याचं. याच तारखेला जागतिक मेंदू दिन असतो. काही देशांतले हौशी लोक या दिवशी चक्क उंदीर पकडणाऱ्यांचा दिवस पाळतात, कारण हॅमलिनच्या बासरीवाल्याची गोष्ट कवितेत सांगताना रॉबर्ट ब्राउनिंगने २२ जुलै १३७६ ही तारीख घातली. जर्मन परंपरेत मात्र त्याच गोष्टीची तारीख २६ जून १२८४ अशी आहे. आणि गणितवाल्यांसाठी हा 'पाय'चा (π, म्हणजे वर्तुळाचा परीघ भागिले व्यास) दिवस, कारण आपण तारीख लिहितो २२/७.

या शेवटच्या दिवसावर माझं विशेष प्रेम आहे. जगभर पायचा दिवस म्हणून गाजतो तो १४ मार्च. अमेरिकेत महिना आधी लिहितात, त्यामुळे ती तारीख ३/१४ अशी दिसते. सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयात लॅरी शॉ यांनी १९८८ साली तो पहिल्यांदा साजरा केला. त्याच तारखेला आइन्स्टाइनचा जन्म (१८७९) आणि स्टीफन हॉकिंग यांचा मृत्यू (२०१८), म्हणून त्या दिवसाभोवतीही गूढ वलय उभं केलं जातं. पण आकडे तपासा. पाय म्हणजे ३.१४१५९... त्याऐवजी ३.१४ घेतलं तर सुमारे ०.०५ टक्के चूक होते. २२/७ घेतलं तर ०.०४ टक्के. म्हणजे शाळेत आपण गिरवलेला २२/७ हा ३.१४ पेक्षा पायच्या जास्त जवळ आहे. आर्किमिडीजने वर्तुळात आणि वर्तुळाबाहेर ९६ बाजूंच्या आकृत्या काढून पाय हा २२/७ पेक्षा किंचित कमी असल्याचं दाखवलं, त्याला बावीसशे वर्षं झाली. आपली जुलैची तारीख जास्त अचूक आहे, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. तिच्या यादीत वेगवेगळ्या जातीच्या गोष्टी एकत्र आल्या होत्या. पाळायचे दिवस माणसं ठरवून निवडतात. पायचा दिवस २२/७ ला आला यात योगायोग नाही. २१ मार्च हा जागतिक डाउन सिंड्रोम दिवस आहे, कारण या स्थितीत एकविसाव्या गुणसूत्राच्या तीन प्रती असतात. चांद्रयान-२ १५ जुलैला निघणार होतं, तांत्रिक अडचण आली आणि उड्डाण आठवडाभर पुढे गेलं. ते आधीच निघालं असतं तर २२ जुलैच्या यादीतून गळून १५ जुलैच्या यादीत गेलं असतं, आणि तिथल्या वाचकाला ती तारीख विलक्षण वाटली असती. यात समजावण्यासारखं फार काही नाही. खरं कोडं जन्मतारखांचं आहे.

राज्याचे दोन मोठे नेते एकाच तारखेला जन्मले, हे ऐकून माणूस थबकतो. मनातला हिशेब असा असतो: वर्षाचे दिवस ३६५, तेव्हा दोघांची तारीख जुळण्याची शक्यता ३६५ मध्ये एक. हा हिशेब बरोबर आहे, पण दोन नावं आधी ठरवून मग तारखा पाहिल्या असतील तरच. आपण तसं केलेलं नसतं. आपण आधी सगळ्यांच्या तारखा पाहतो, जुळलेली जोडी उचलतो आणि मग तिच्याकडे बघून आश्चर्य करतो. महाराष्ट्र विधानसभेत २८८ सदस्य, मंत्र्यांची संख्या त्याच्या १५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त ४३. एवढ्या मंत्रिमंडळात कोणत्याही दोघांची जन्मतारीख एक असण्याची शक्यता किती? ९२ टक्के. जोडी निघाली नाही तर ती बातमी.

वर्गात कुणाचाच विश्वास बसला नाही. म्हणून मी दसऱ्याची आठवण काढली. समजा २३ माणसं अंगणात जमली आहेत आणि प्रत्येकजण प्रत्येकाला सोनं देऊन गळाभेट घेतो आहे. गळाभेटी किती होतील? पहिला २२ जणांना भेटेल. दुसऱ्याला नव्याने भेटायला २१ उरतील, तिसऱ्याला २०. बेरीज २५३. माणसं फक्त २३, पण गळाभेटी २५३, आणि प्रत्येक गळाभेट म्हणजे तारीख जुळण्याची एक स्वतंत्र संधी. आपण माणसं मोजतो आणि जोड्या मोजायला विसरतो. सगळी चूक इथेच होते. ४३ जणांत या जोड्या ९०३ होतात.

नेमका आकडा काढायचा तर उलट बाजूने जावं लागतं. कुणाचीच तारीख जुळू नये, याची शक्यता काढायची. पहिल्या माणसाला कोणतीही तारीख चालेल. दुसऱ्याने ती एक तारीख टाळायची, म्हणून ३६५ पैकी ३६४. तिसऱ्याने दोन टाळायच्या, म्हणून ३६३. असं करत तेविसाव्याला ३४३ तारखा मोकळ्या उरतात. हे सगळे अपूर्णांक एकमेकांना गुणले की येतात ०.४९३. म्हणजे तारीख न जुळण्याची शक्यता ४९.३ टक्के आणि जुळण्याची ५०.७. बावीस जणांत ती निम्म्याखाली असते, तेविसावा आला की काटा पलीकडे झुकतो. तीस जणांत ७१ टक्के, पन्नास जणांत ९७ टक्के.

आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट. प्रश्न थोडा बदला: "माझ्याच तारखेला जन्मलेलं कुणीतरी सापडावं, याची शक्यता निम्म्यावर न्यायला किती माणसं लागतील?" उत्तर आहे २५३. वर मोजलेल्या गळाभेटींइतकीच! दोन्ही प्रश्नांत अडीचशेच्या आसपास तुलना लागतात. 'मी' मधोमध बसलो तर माझ्या वाट्याला प्रत्येक माणसामागे एकच तुलना येते, म्हणून २५३ माणसं जमवावी लागतात. सगळे सगळ्यांशी जुळवून पाहू लागले की तेवढ्याच तुलना २३ जणांत उरकतात. आपली अंतःप्रेरणा 'माझ्या तारखे'च्या प्रश्नाचं उत्तर 'कोणत्याही दोघां'च्या प्रश्नाला देते, आणि फसते.

ज्यांना बीजगणित रुचतं त्यांच्यासाठी एक पाऊल पुढे. तारखा N आणि माणसं n असतील, तर एकही जोडी न जुळण्याची शक्यता साधारणपणे e (सुमारे २.७१८) या संख्येच्या ऋण n(n−१)/२N या घाताइतकी असते. ती निम्मी करायची तर n ला N च्या वर्गमुळाच्या सुमारे १.१८ पट व्हावं लागतं. ३६५ चं वर्गमूळ १९.१, त्याच्या १.१८ पट साडेबावीस, म्हणून तेवीस. या सूत्रातला वर्गमूळ हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. मंगळाचं वर्ष तिथल्या दिवसांत सुमारे ६६९ दिवसांचं. वर्ष जवळपास दुप्पट झालं, तरी मंगळावरच्या वस्तीत दोघांचा वाढदिवस एका दिवशी येण्याची शक्यता निम्म्यावर जायला ३१ माणसं पुरतील. तारखा कितीही वाढवा, माणसं त्यांच्या वर्गमुळाच्याच वेगाने वाढवावी लागतात.

हे कोडं मांडणाऱ्यांत रिचर्ड फॉन मिझेस या गणितज्ञाचं १९३९ सालचं काम प्रसिद्ध आहे. पडताळा घ्यायला फुटबॉलचा विश्वचषक सोयीचा, कारण तिथे बरीच वर्षं प्रत्येक संघात बरोबर २३ खेळाडू असत. २०१४ च्या स्पर्धेत ३२ संघ होते. त्यांपैकी १६ संघांत निदान दोन खेळाडूंची जन्मतारीख एक निघाली. बरोबर निम्मे.

हे केवळ डोक्याला खाद्य म्हणून नाही. आधारची नोंदणी करताना दहा बोटांचे ठसे आणि दोन्ही बुबुळं का घेतात, याचं उत्तर या जोड्यांत आहे. नव्या माणसाची नोंद आधीच्या सगळ्यांशी ताडून पाहावी लागते, नाहीतर एकाच माणसाला दोन क्रमांक मिळतील. १४० कोटी लोकांच्या जोड्या किती होतात? सुमारे एकावर अठरा शून्यं. समजा एका बोटाचा ठसा ताडताना यंत्र एक कोटी तुलनांत एकदाच चुकतं. ऐकायला उत्तम यंत्र वाटतं. पण तेवढ्या जोड्यांत त्याच्या चुका दहा हजार कोटींच्या घरात जातील. एक बोट अपुरं पडतं ते म्हणूनच. बोटं आणि बुबुळं एकत्र धरली की चुकीची शक्यता एकमेकींना गुणली जाऊन प्रचंड खाली येते, तेव्हा कुठे हे काम जमतं.

मागच्या रांगेतल्या मुलाला मी रागावलो नाही. त्याच्यापर्यंत जे पोचलं तेच तो बोलला. पण मूलांकावरून स्वभाव आणि भवितव्य सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण ते मुलांच्या कुतूहलाचा रस्ताच अडवतात. एका तारखेला जन्मलेल्यांचं नशीब सारखं असेल, तर २२ जुलैला देशात जन्मणाऱ्या हजारो बाळांनी काय करायचं? हॉकिंग यांचा जन्म ८ जानेवारी १९४२ चा, गॅलिलिओच्या मृत्यूला बरोबर तीनशे वर्षं झाली त्या दिवशीचा. लोक याचं फार कौतुक करत. त्याच दिवशी जगात आणखी सुमारे दोन लाख मुलं जन्मली असतील, याची आठवण खुद्द हॉकिंग करून देत. आणि तारीखच काय, अख्खी कुंडली हातात दिली तरी काय होतं, हे आपल्याकडे तपासून झालं आहे. २००८ साली पुण्यात जयंत नारळीकर यांनी नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासोबत एक चाचणी घेतली. काही कुंडल्या अभ्यासात हुशार मुलांच्या, काही बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या. कोणती कुणाची, एवढंच ओळखायचं. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० कुंडल्या पाहून उत्तरं पाठवली. बरोबर निघाली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी साधारण एवढीच निघाली असती.

आता एक कबुली. वरचा सगळा हिशेब 'वर्षातली प्रत्येक तारीख सारखीच संभवते' असं धरून केला आहे. महाराष्ट्रात ते खरं नाही, आणि हे मला पुस्तकातून नाही, घरातून कळलं. माझ्या वडिलांचा जन्म आजीच्या सांगण्याप्रमाणे पोळ्याच्या आदल्या दिवशीचा, म्हणजे श्रावण संपता संपता. शाळेच्या दाखल्यावर मात्र १ जून. जूनमध्ये शाळा उघडायची, नाव घालायला आणलेल्या पोराची तारीख कुणाला ठाऊक नसायची, मग मास्तर वयाचा अंदाज बांधून १ जून टाकून मोकळे व्हायचे. त्या पिढीतल्या खेड्यापाड्यांतल्या माणसांना विचारा, ही तारीख सारखी ऐकू येईल.

याने गणित बिघडत नाही, आणखी धारदार होतं. तारखा जितक्या असमान वाटलेल्या, तितकी जुळण्याची शक्यता जास्त. समजा दहातल्या एकाच्या दाखल्यावर १ जून आहे आणि बाकीचे नऊ उरलेल्या वर्षभर सारखे पसरले आहेत. मी हिशेब मांडून पाहिला. आता निम्म्यापलीकडे जायला तेवीस माणसं लागत नाहीत, चौदा पुरतात.

वर्गात हे सांगितल्यावर ती मुलगी घरी गेली आणि आजी-आजोबा, चुलत आजोबा, शेजारचे सगळे धरून सोळा जणांच्या तारखा लिहून घेऊन आली. त्यात पाच १ जून होते. माझे वडील सरकारी नोकरीत होते. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मे रोजी त्यांच्या कार्यालयात एकाच टेबलावर चार शाली आणि चार नारळ ठेवले होते, आणि चौघांपैकी एकाचाही जन्म खरोखर जूनमधला नव्हता.