पिंपल्सचे फोटो पाठवून ट्रीटमेंट होते का?

पिंपल्सची ट्रीटमेंट बऱ्याचदा औषध चुकलं म्हणून फसत नाही, मधेच सोडलं म्हणून फसते. ॲडापॅलिन किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइड ही पिंपल्सवरची औषधं लावायला सुरुवात केली की पहिले दोन-तीन आठवडे चेहरा कोरडा पडतो, सालं निघतात, चुरचुरतं, काहींना तर पिंपल्स उलट वाढल्यासारखे वाटतात. आणि नीट फरक दिसायला 8 ते 12 आठवडे लागतात, कारण आज दिसणारा पिंपल आज तयार झालेला नसतो, तेल आणि मेलेल्या पेशींनी ते छिद्र काही आठवडे आधीच आतून बुजायला लागलेलं असतं. हे कोणी सांगितलं नाही तर माणूस पंधराव्या दिवशी ट्यूब फेकतो आणि मैत्रिणीने सांगितलेली दुसरी आणतो.

म्हणून मला ऑनलाइन डॉक्टरचा खरा उपयोग इथे वाटतो, या मधल्या काळात. "जळजळ होतेय, बंद करू का?" एवढंच विचारायला अर्धा दिवस सुट्टी काढून क्लिनिकच्या रांगेत कोण बसणार, पण फोटो आणि मेसेज पाठवला आणि डॉक्टरने सांगितलं की एक दिवसाआड लावा, वाटाण्याएवढंच घ्या, आधी मॉइश्चरायझर लावा, तर ट्रीटमेंट वाचते. बोस्टनमध्ये यावर एक चांगला अभ्यास झालाय, 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. पिंपल्सचे 151 पेशंट घेतले, काहींचा फॉलोअप क्लिनिकमध्ये, बाकीच्यांनी दर 6 आठवड्यांनी वेबसाइटवर फोटो आणि माहिती पाठवायची. त्वचेतली सुधारणा दोन्हीकडे जवळपास सारखीच निघाली. पण हे फॉलोअपबद्दल आहे बरं का, पहिल्या तपासणीबद्दल नाही.

पहिल्या तपासणीला मात्र समोर बसलेलं बरं. डॉक्टर बोट फिरवून बघतात की फोड वरवरचा आहे की आत गाठ आहे, हे फोटोत कळत नाही. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर लाली फोटोत नीट उठून दिसत नाही, त्यामुळे सूज आहे त्यापेक्षा कमी वाटू शकते. पिंपल्ससारखंच दिसणारं पण यीस्ट नावाच्या बुरशीमुळे होणारं, खाज सुटणारं पुरळही असतं आणि त्याचं औषध वेगळं असतं. मुलींमध्ये पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस वाढत असतील तर पीसीओएसच्या (हार्मोन्स बिघडल्याने होणाऱ्या त्रासाच्या) दिशेने बघावं लागतं, ते फोनवर विचारता येतं म्हणा, पण विचारलं तर पाहिजे ना.

आपल्याकडचा आणखी एक मोठा घोळ म्हणजे मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेलं स्टेरॉइडचं क्रीम. चार दिवस चेहरा गोरा, गुळगुळीत दिसतो, मग त्याच क्रीममुळे पिंपल्स येतात, त्वचा पातळ होते, आणि क्रीम बंद केलं की चेहरा लालबुंद होऊन आग आग होते. हे क्रीम लावलं असेल तर डॉक्टरने विचारलं नाही तरी सांगा, ट्यूबचा फोटोसुद्धा पाठवा.

फोटो काढताना ब्युटी मोड आधी बंद करा, तो नेमके पिंपल्सच पुसतो. मेकअप नको, खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात समोरून आणि दोन्ही बाजूंनी काढा, आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणजे क्वालिटी उतरत नाही.

भारतात मार्च 2020 मध्ये टेलिमेडिसिनचे, म्हणजे फोनवर किंवा ऑनलाइन उपचार करण्याचे नियम आले, त्यानुसार फक्त चॅटवर पहिल्याच वेळी डॉक्टरला सगळी औषधं लिहून देता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. आयसोट्रेटिनॉइनचंच उदाहरण घ्या. जास्त पिंपल्सवर ही गोळी खूप प्रभावी आहे, पण गरोदरपणात घेतली तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं, म्हणून बाईला ती द्यायच्या आधी प्रेग्नन्सी टेस्ट, खात्रीचं गर्भनिरोधक आणि गोळी बंद केल्यावरही एक महिना काळजी. लिव्हर आणि चरबीसाठी रक्त तपासावं लागतं ते वेगळंच. रिपोर्ट फोनवर दाखवले तरी चालतात, गोळी मात्र ॲपवर चार प्रश्नांची उत्तरं देऊन मागवायची गोष्ट नाही.

गावात किंवा तालुक्याला स्किनचा डॉक्टर नसेल तर सरकारची ई-संजीवनी ही ऑनलाइन डॉक्टरसेवा आहे, तिथून सुरुवात करा, काहीच न करण्यापेक्षा कितीतरी चांगलं. पण दुखऱ्या गाठी येत असतील, खड्डे पडायला लागले असतील तर एसटी पकडून जिल्ह्याला जाच. गाठीत इंजेक्शन देऊन सूज लवकर उतरवता येते आणि ते फोनवरून होत नाही, आणि एकदा पडलेला खड्डा कुठल्याही क्रीमने पूर्ण भरत नाही.