एअरलाइन मर्जर, भागीदाऱ्या आणि छोट्या विमान कंपन्या

दोन एअरलाइन मिळून एक झाल्या की ते मर्जर, आणि दोघी वेगळ्या राहून एकमेकींची तिकिटं विकायला लागल्या की ती भागीदारी. भागीदारीचे प्रकार बरेच आहेत. इंटरलाइनमध्ये एकाच तिकिटावर दोन कंपन्यांची विमानं मिळतात आणि बॅगही बहुतेक वेळा शेवटच्या विमानतळापर्यंत जाते, कोडशेअरमध्ये दुसरीच्या विमानाला आपला फ्लाइट नंबर लावून सीट विकता येते. त्याच्याही पुढे गेलं की जॉइंट व्हेंचर, तिथे ठरावीक रूटवरची कमाईसुद्धा वाटून घेतात, मग तिकीट कोणाचं विकलं गेलं याने फारसा फरकच पडत नाही.

देशाबाहेरच्या कंपनीशी सरळ मर्जर करणं कठीण असतं कारण मालकीवर कायद्याची मर्यादा आहे. अमेरिकेत एअरलाइनच्या भागधारकांच्या मतदानाचे २५ टक्क्यांपेक्षा जास्त हक्क परदेशी लोकांकडे जाऊ शकत नाहीत, युरोपीय संघात निम्म्याहून जास्त मालकी तिथल्याच लोकांकडे लागते. म्हणून मोठ्या अलायन्स, म्हणजे अनेक देशांतल्या कंपन्यांचे भागीदारीचे गट, तयार झाल्या, १९९७ ला पाच कंपन्यांची स्टार अलायन्स, १९९९ ला वनवर्ल्ड, २००० ला स्कायटीम. देशाच्या किंवा युरोपीय संघाच्या आत मात्र मर्जर होत राहिले. अमेरिकेत डेल्टा-नॉर्थवेस्ट २००८, युनायटेड-काँटिनेंटल २०१०, अमेरिकन-यूएस एअरवेज २०१३, युरोपात एअर फ्रान्स-केएलएम २००४ आणि ब्रिटिश एअरवेज-आयबेरिया २०११.

या सगळ्याची बातमी येते तेव्हा मोठ्यांचीच नावं छापून येतात, पण खरा परिणाम बघायचा तर छोट्या कंपनीकडे बघायला हवं असं मला वाटतं. लहान गावातून हबपर्यंत, म्हणजे मोठ्या कंपनीच्या मुख्य विमानतळापर्यंत, प्रवासी आणून देणाऱ्या कंपनीला फीडर किंवा रिजनल म्हणतात. तिच्या विमानावर रंग मोठ्या कंपनीचा, तिकीटही मोठीच्याच नावाचं. बऱ्याच ठिकाणी कॅपॅसिटी पर्चेस करार असतो, म्हणजे रूट, वेळ आणि भाडं मोठी कंपनी ठरवते, इंधनाचा खर्चही बहुधा तीच उचलते, छोटीने विमान आणि क्रू द्यायचा आणि किती उड्डाणं झाली, किती तास झाले त्यावर पैसे घ्यायचे. यात सीट रिकामी गेली तरी छोटीचं नुकसान होत नाही, हे चांगलंच आहे. पण प्रवासी तिला नावाने ओळखतही नाही, आणि करार संपला की तिच्याकडे विमानं आणि पायलट उरतात, गिऱ्हाईक उरत नाही.

अटलांटिक कोस्ट एअरलाइन्सचं हेच झालं. ती युनायटेडसाठी उडायची. युनायटेड दिवाळखोरीत गेली आणि कमी दर मागायला लागली, ते न मानता अटलांटिक कोस्टने २००४ ला वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळावरून इंडिपेंडन्स एअर नावाने स्वतःची स्वस्त एअरलाइन काढली, पण ५० सीटच्या छोट्या जेटमध्ये प्रत्येक सीटचा खर्च जास्त, त्यात तेल महागलं, आणि जानेवारी २००६ मध्ये ती बंद पडली. कॉमएअर तर डेल्टाच्याच मालकीची होती, नॉर्थवेस्टशी मर्जर झाल्यावर तिचं सिनसिनाटीचं हब आकसत गेलं आणि २०१२ ला डेल्टाने कॉमएअर बंद केली. मर्जरनंतर दोन जवळची हब कशाला ठेवायची असा हिशोब होतो, युनायटेडने २०१४ ला क्लीव्हलँडचं हब गुंडाळलं तेव्हा सगळ्यात जास्त कपात याच रिजनल उड्डाणांची झाली.

पण सगळ्याच छोट्या बुडतात असं नाही हं. स्कॉटलंडच्या बेटांवर उडणारी लोगनएअर १९९४ ते २००८ ब्रिटिश एअरवेजच्या रंगात होती, मग फ्लायबी या ब्रिटिश रिजनल कंपनीच्या, आणि सप्टेंबर २०१७ पासून स्वतःच्या नावावर. मार्च २०२० ला फ्लायबी बुडाली तेव्हा लोगनएअरने तिचेच काही रूट घेतले. तिच्याकडे दुसऱ्या कोणाला नको असलेले रूट आहेत, वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे दोन मिनिटांचं उड्डाण त्यातलंच, आणि ते उडवायला लागणारी छोटी विमानंही आहेत. ही ताकद भागीदार बदलला तरी जात नाही. नॉर्वेची विदेरो तशीच, आधी एसएएस या स्कँडिनेव्हियन एअरलाइनकडे, २०२४ पासून नॉर्वेजियन या एअरलाइनकडे, नाव मात्र तेच.

स्पर्धा कमी होऊ नये म्हणून सरकार आणि कोर्ट मध्ये पडतात, पण मर्जर अडवलं की छोटी वाचलीच असं धरून चालता येत नाही. अमेरिकेत जेटब्लू ही एअरलाइन स्पिरिट या स्वस्त एअरलाइनला विकत घेणार होती, जानेवारी २०२४ मध्ये कोर्टाने ते थांबवलं, कारण स्पिरिटची स्वस्त तिकिटं गेली असती, पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्पिरिटने दिवाळखोरीचा अर्ज केला. दुसरा मार्ग म्हणजे मर्जरला परवानगी द्यायची पण काही रूट आणि स्लॉट सोडायला लावायचे. स्लॉट म्हणजे गर्दीच्या विमानतळावर उतरायची-उडायची ठरलेली वेळ, आणि ती नसेल तर विमानं असून छोटीला काही करता येत नाही. कोरियन एअरने एशियाना ही दुसरी कोरियन एअरलाइन घेतली तेव्हा युरोपीय संघाच्या अटीमुळे पॅरिस, रोम, बार्सिलोना आणि फ्रँकफर्ट हे रूट टीवे या छोट्या कंपनीला मिळाले, पण तिच्याकडे लांब पल्ल्याची विमानं पुरेशी नव्हती, मग ए३३० विमानं आणि पायलटसुद्धा कोरियन एअरनेच पुरवले.