३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात कुठला भाग का आला

कपाटातून निघालेला जुना ३५ मिमी कॅमेरा उघडला की आत कापडी पडदे दिसतात, एक तिरका आरसा दिसतो, वर प्रिझमचा उंचवटा असतो. हे सगळे एका वेळी कोणी ठरवून बसवलेले नाही. एकेक भाग एकेका अडचणीवर तोडगा म्हणून आला, आणि असा कॅमेरा आज बिघडतो तोही बहुधा अशाच एखाद्या तोडग्याच्या जागी. म्हणून जुना कॅमेरा विकत घेण्याआधी किंवा दुरुस्तीला टाकण्याआधी हा क्रम माहीत असलेला बरा.

विसाव्या शतकाची सुरुवात पुठ्ठ्याच्या डब्याने झाली. १९०० साली कोडॅकने ब्राउनी आणला. त्याला साधे एकेरी भिंग होते, फोकस करण्याची सोय नव्हती आणि किंमत होती १ डॉलर. फिल्मच्या मागे कागद, कागदावर आकडे, आणि ते आकडे पाहायला कॅमेऱ्याच्या पाठीला लाल खिडकी, ही डबा कॅमेऱ्यांची पद्धत पुढे अनेक दशके टिकली. एकेकाळी बडोद्यात तयार होणारा आणि आपल्याकडे घरोघरी दिसणारा आग्फा क्लिक ३ याच कुळातला. त्यात १२० नंबरचा रोल बसतो आणि १२ चौकोनी फोटो निघतात. खिडकी लाल ठेवली, कारण त्या काळच्या फिल्मवर लाल उजेडाचा परिणाम होत नसे. पुढे सर्व रंग टिपणारी फिल्म आली, खिडकी मात्र तशीच राहिली. आज अशा कॅमेऱ्यात भर उन्हात रोल सरकवला तर निगेटिव्हवर धूसर ठिपका उमटू शकतो. खिडकीवर काळी चिकटपट्टी लावावी आणि ती फक्त रोल पुढे नेताना, सावलीत उचलावी.

खरे वळण जर्मनीतल्या वेट्झलारला, लाइट्झ कंपनीच्या कारखान्यात आले. तिथे काम करणाऱ्या ऑस्कार बार्नाकने १९१३-१४ च्या सुमारास सिनेमाची ३५ मिमी रुंद फिल्म साध्या कॅमेऱ्यात वापरून पाहिली. सिनेमात फिल्म उभी धावते आणि तिची चौकट १८×२४ मिमी असते. बार्नाकने ती आडवी चालवली आणि दोन चौकटींची एक केली. २४×३६ हे माप तिथून आले. एवढ्याशा निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायचा तर भिंग अतिशय तीक्ष्ण हवे. ते, म्हणजे ५० मिमी एफ/३.५, माक्स बेरेकने आखले. पहिल्या नमुन्यात शटर चढवताना, म्हणजे पुढच्या फोटोसाठी ताणताना, त्याच्या दोन कापडी पडद्यांमधली फट उघडीच राहायची, त्यामुळे लेन्सवर टोपी घालावी लागे. १९२५ च्या लाइपझिग जत्रेत हा कॅमेरा लायका नावाने बाजारात आला, तोवर पडदे एकमेकांवर चढून मागे जाऊ लागले होते. रोल पुढे सरकवणे आणि शटर चढवणे ही दोन्ही कामे एकाच बटणावर आल्याने एका चौकटीवर चुकून दोन फोटो निघणेही थांबले.

या लायकात रोल तळातून भरतात, आणि तिथे नवखा माणूस हमखास चुकतो. फिल्मचे टोक सुमारे १० सेंटिमीटर लांब, अरुंद जिभेसारखे कापावे लागते. आजच्या रोलची जीभ आखूड असते. ती तशीच घातली तर फिल्म नीट खाली बसत नाही, कडेची भोके फाटतात आणि त्यांचे तुकडे शटरमध्ये अडकतात. कापडी पडद्यांचे आणखी एक दुखणे म्हणजे लेन्स सूर्याकडे राहिली तर ती बहिर्गोल भिंगासारखी पडदा जाळते. मग प्रत्येक चौकटीत पांढरा डाग दिसू लागतो.

सुरुवातीला रोल अंधाऱ्या खोलीत डबीत भरावा लागे. १९३४ साली कोडॅकच्या रेटिनाबरोबर ३५ मिमी फिल्म तयार भरलेली, १३५ नंबरची डबी आली आणि उजेडात रोल बदलता येऊ लागला. डबीच्या तोंडाशी मखमल असते ती उजेड अडवण्यासाठी. तिच्यात वाळूचा कण बसला की पूर्ण रोलभर एक सरळ ओरखडा येतो, म्हणून डबी उघडी खिशात टाकू नये.

एवढे झाले तरी छायाचित्रकार पाहायचा एका झरोक्यातून आणि फोटो यायचा दुसऱ्याच भिंगातून. १९३२ च्या लायका २ मध्ये दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून अंतर मोजण्याची सोय लेन्सशी जोडली गेली आणि फोकसचा प्रश्न बराचसा सुटला. पण वस्तू मीटरभर अंतरावर आली की चौकट सरकतेच, आणि लांब पल्ल्याच्या लेन्सचे दृश्य त्या झरोक्यात इवलेसे दिसते. उपाय जुनाच होता, लेन्समागे आरसा. तो छोट्या फिल्मच्या मापात बसवला ड्रेस्डेनच्या किने एक्झाक्टा या कॅमेऱ्याने, १९३६ मध्ये. त्यात वरून खाली वाकून पाहायचे आणि डावे-उजवे उलटे दिसायचे. धावणारा माणूस डावीकडे गेला की कॅमेरा सवयीने चुकीच्या बाजूला वळे. ड्रेस्डेनमध्येच १९४९ साली काँटॅक्स एसवर छपराच्या आकाराचा पेंटाप्रिझम बसला आणि चित्र सरळ झाले.

अजून दोन त्रास उरले होते. फोटो काढल्यावर आरसा वरच राहायचा आणि रोल पुढे सरकवेपर्यंत डोळ्यापुढे अंधार. तो लगेच खाली आणण्याची सोय जपानच्या असाहीफ्लेक्स २बी मध्ये १९५४ साली आली. दुसरा त्रास लेन्समधल्या, उजेड कमी-जास्त करणाऱ्या छिद्राचा; एफचा आकडा लहान तितके ते मोठे. नीट दिसावे म्हणून एफ/२ वर फोकस करायचा आणि बटण दाबण्याआधी हाताने एफ/८ वर आणायचे. विसरलात तर फिल्मवर १६ पट उजेड! बटण दाबताच छिद्र आपोआप आकुंचन पावते, हा मला या सगळ्या प्रवासातला सर्वांत कमी कौतुक झालेला शोध वाटतो. १९५९ च्या निकॉन एफमध्ये हे सगळे एकत्र आले, शिवाय बदलता येणारे प्रिझम आणि मोटरही. वृत्तछायाचित्रकारांनी त्यानंतर या प्रकारच्या कॅमेऱ्याकडे मोठ्या संख्येने वळावे यात नवल नव्हते.

लेन्समधून आलेला उजेड मोजणारे मीटर १९६३-६४ मध्ये टॉपकॉन आणि पेंटॅक्सने आणले. त्या काळातले कित्येक कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालतात. तो आता मिळत नाही. बटणासारखा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला तर साधारणपणे मीटर उजेड जास्त दाखवते आणि फोटो काळपट येतात. १९७६ च्या कॅनन एई-१ मध्ये मायक्रोप्रोसेसर आला. त्यात ६ व्होल्टची बॅटरी संपली की शटर हलतच नाही. या पिढीत मागच्या दाराच्या खोबणीत फोम असतो. तो काही वर्षांत डांबरासारखा चिकट होतो आणि फोटोच्या कडेला केशरी पट्टे येतात. फोम बदलणे स्वस्त काम आहे; कॅमेरा त्यासाठी टाकू नये. १९८५ च्या मिनोल्टा ७००० मध्ये आपोआप फोकस करणारी मोटर कॅमेऱ्याच्या आत गेली.

फिल्मची जागा घेणारे यंत्र त्याआधी दहा वर्षे तयार होते. १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसनने १००×१०० ठिपक्यांचा, सुमारे ३.६ किलोचा डिजिटल कॅमेरा जुळवला. एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. १९९१ साली कोडॅकने निकॉन एफ३ च्याच सांगाड्यावर १.३ मेगापिक्सेलचा डीसीएस हा डिजिटल कॅमेरा विकायला काढला, तेव्हा साठवणीचा डबा वेगळा खांद्याला लटकवावा लागे. १९९९ चा निकॉन डी१ सारे पोटात घेऊन आला, २.७ मेगापिक्सेलचा. त्याचा सेन्सर बार्नाकच्या चौकटीहून लहान, २३.७×१५.६ मिमी, म्हणून ५० मिमी लेन्स त्यावर ७५ मिमीसारखी दिसते. लेन्स बसवण्याची कडी मात्र १९५९ चीच राहिली. तरी त्या वर्षीची लेन्स तशीच लावू नये: तिच्या छिद्राच्या कड्याची मागची कड कॅमेऱ्याची नाजूक खिटी दाबून मोडू शकते. १९७७ पासूनच्या, हे कडे बदललेल्या एआय लेन्स मात्र बिनधास्त बसतात.