तालुक्याच्या कॉलेजात गणित-संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज भरण्याआधीची चौकशी

पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांतली बहुतेक लहान कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. साध्या बी.एस्सी.ला इंजिनिअरिंगसारखी राज्यभराची कॅप, म्हणजे एकत्रित केंद्रीय प्रवेश प्रक्रिया, नसते. कॉलेज स्वतःच ऑनलाइन फॉर्म घेतं, स्वतःच मेरिट लिस्ट लावतं. म्हणून तीन ठिकाणी प्रयत्न करायचा असेल तर अर्जही तीन भरावे लागतात आणि तीन वेगळ्या तारखा सांभाळाव्या लागतात.

पात्रतेचं फार अवघड नाही. बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण आणि त्यात गणित, एवढं असलं की पुरतं. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर 'गणित व संख्याशास्त्र' या नावासमोर विषय कोड ४० आहे ना, ते पाहा. कोड ८८ हा वाणिज्य शाखेचा पेपर, त्यावर बी.एस्सी.ला प्रवेश सहसा मिळत नाही. गणित सोडून नुसतं बायो घेतलं असेल तर हे दोन्ही विषय विसरा.

खरी मेख विषयगटात आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या २०२४ च्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी तीन विषय सारख्याच वजनाचे असतात. दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर (मुख्य विषय), एक मायनर (दुय्यम विषय) होतो आणि तिसरा सुटतो. पहिल्या वर्षी न घेतलेला विषय नंतर मेजर करता येत नाही. त्यामुळे फॉर्मवर 'भौतिक-रसायन-गणित' अशी सवयीची टिक मारली की संख्याशास्त्राचं दार तिथेच बंद.

आणि लहान कॉलेजात आणखी एक भानगड असते: विषय पहिल्या वर्षाला आहे, पण तिसऱ्या वर्षापर्यंत मेजर म्हणून त्याला मान्यताच नाही. किंवा मान्यता आहे, पण मुलंच नसल्याने वर्ग चालत नाही. माहितीपुस्तिकेत हे कोणी छापत नाही. खिडकीवरच्या क्लार्कला विचारू नका, थेट विभागात जा आणि तीन गोष्टी विचारा. टी.वाय.पर्यंत (तिसऱ्या वर्षापर्यंत) मेजरला मान्यता आहे का? गेल्या वर्षी टी.वाय.ला किती मुलं होती? विभागात पूर्णवेळ शिक्षक आहेत की सगळे सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर? तिसऱ्याचं उत्तर 'सीएचबी' आलं म्हणून घाबरायचं कारण नाही, चांगले शिक्षक तिथेही असतात. पहिल्या दोन उत्तरांत मात्र चाचरत बोलणं ऐकू आलं तर शेजारच्या तालुक्यातलं कॉलेज बघा. कारण एस.वाय. (दुसरं वर्ष) झाल्यावर कॉलेज बदलायचं म्हणजे एनओसी (ना-हरकत पत्र), टीसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) आणि नव्या कॉलेजात जागा आहे का याची वाट पाहणं आलं.

संख्याशास्त्रावर इतका भर देण्याचं कारण आहे. यूपीएससीच्या भारतीय सांख्यिकी सेवा परीक्षेला बसायचं तर पदवीला संख्याशास्त्र हा विषय किंवा संख्याशास्त्रातली पदव्युत्तर पदवी असावी लागते. नुसत्या गणिताच्या पदवीवर अर्ज चालत नाही.

आता कागद. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा मूळ दाखला (टीसी), आधार, फोटो. सीबीएसई किंवा बाहेरच्या मंडळाची मुलं असतील तर मायग्रेशन (मंडळ बदलल्याचं प्रमाणपत्र) लागतं. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. आरक्षणासाठी जातीचा दाखला, आणि ओबीसी, व्हीजेएनटी वगैरेंना नॉन-क्रीमीलेअर. नॉन-क्रीमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला या दोन्हींवर 'वैध ३१ मार्चपर्यंत' असं लिहिलेलं असतं. गेल्या वर्षीचा दाखला घेऊन आलेली मुलं दर जूनमध्ये सेतू केंद्राच्या रांगेत दिसतात. मूळ टीसी जमा करण्याआधी दोन-तीन झेरॉक्स काढून ठेवा, नंतर त्याच कामी येतात.

नावाचा घोळ आधीच मिटवा. मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं, आईचं नाव वेगळ्या ओळीत. आधारवर कधी वडिलांचं नावच नसतं, तर कधी एखादं इंग्रजी अक्षर जास्त असतं. क्रेडिट (विषय पूर्ण केल्यावर मिळणारे श्रेयांक) जमा होण्यासाठी डिजिलॉकरमधून एबीसी आयडी, म्हणजे श्रेयांकांच्या राष्ट्रीय खात्याचा क्रमांक, काढावा लागतो, तो आधारवरूनच तयार होतो. दोन्हीकडची नावं जुळली नाहीत तर गुण चढताना अडकतात. आधारची दुरुस्ती मे महिन्यातच करून घेतलेली बरी.

फीसाठी महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल. खुल्या प्रवर्गातल्या, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. मुलींना पूर्ण फी माफ झाल्याचं बऱ्याच पालकांनी ऐकलेलं असतं. जुलै २०२४ चा तो निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांचा आहे, साध्या बी.एस्सी.चा नाही. बारावीला मंडळात वरच्या १ टक्क्यात आलेल्यांसाठी केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती वर्षाला ८० हजारांची आहे. तिच्या विषयांच्या यादीत गणित आणि संख्याशास्त्र दोन्ही आहेत. तिचा अर्ज कॉलेजमार्फत जात नाही, स्वतःच ऑनलाइन भरायचा. मात्र प्राचार्यांच्या सहीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि सही-शिक्क्याला वेळ लागतो, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.