तळहात जमिनीला टेकतात, तरी स्विंग का अडतो?

वाकून तळहात जमिनीला टेकले की अंग गोल्फसाठी तयार झालं, असं मानणारे बरेच असतात. स्विंग, म्हणजे क्लब (गोल्फची काठी) फिरवणं, मात्र अर्ध्यावर अडतो आणि नऊ होल झाले की हात कंबरेवर जातो. इथे लवचिकता आणि मोबिलिटी यांची गल्लत झालेली असते.

लवचिकता म्हणजे स्नायू किती ताणला जातो. मग तो हाताने ओढा, पट्ट्याने ओढा किंवा फिजिओने ओढू दे. मोबिलिटी म्हणजे सांधा स्वतःच्या ताकदीवर, ताबा ठेवून किती फिरवता येतो.

खुर्चीवर बसून बघा. उजव्या हाताने खेळत असाल तर डावा पाय घ्या. गुडघा काटकोनात आणि जागच्या जागी ठेवून पाऊल हाताने बाहेरच्या बाजूला ओढा. पाऊल बाहेर जातं तेव्हा मांडीचं हाड खुब्यात आत वळतं. आता हात सोडा आणि पाऊल तिथेच धरून ठेवा. ते जितकं परत आलं, तितकी लवचिकता खेळात उपयोगी पडत नाही.

कारण डाउनस्विंग, म्हणजे क्लब वरून खाली चेंडूपर्यंत येणं, जेमतेम पाव सेकंदाचा असतो. भार डाव्या पायावर येतो आणि ओटीपोट त्याच खुब्यावर वळतं. खुबा अडला की ते वळण कंबर आपल्या अंगावर घेते. कंबरेचे मणके मुळात फारच थोडे वळतात, म्हणून तिथे दुखणं सुरू होतं.

पाठीच्या वरच्या भागासाठी टायटलिस्ट परफॉर्मन्स इन्स्टिट्यूट या गोल्फ-फिटनेस संस्थेची चाचणी चांगली आहे: गुडघे जुळवून बसायचं, क्लब आडवा धरायचा आणि दोन्ही बाजूंना ४५ अंश वळायचं. बसूनच करा. उभ्याने केली तर खुबे मदतीला येतात आणि खोटा दिलासा मिळतो.

हाताने ओढूनही पाऊल जात नसेल तर स्ट्रेचिंग उपयोगी पडू शकतं. जांघेत टोचलं तर जोर न लावता फिजिओला दाखवा. हाताने जातं पण हात सोडल्यावर टिकत नाही, अशांनी आणखी ताणत बसणं मला वेळेची नासाडी वाटते. त्यांनी शेवटच्या टोकाला पाऊल काही सेकंद धरून ठेवण्याचा सराव करावा. आणि टीवर (पहिला फटका मारायच्या जागी) जाण्याआधी एकाच स्थितीत लांबलचक ताण देणं टाळा, त्याने स्नायूंचा जोर तात्पुरता कमी होऊ शकतो. त्याऐवजी खुबे आणि खांदे फिरवत अंग गरम करा.