डोकं दुखतंय का?

लेहला विमानातून उतरलेल्या जवानाला पहिले दोन दिवस एकच काम असतं, आराम करणं. बराकीच्या आसपास थोडं फिरायचं, बाकी पडून राहायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सपाट वाटेवर दीड ते तीन किलोमीटर संथ चाल. पाचव्या-सहाव्या दिवशी पाच किलोमीटरपर्यंत चाल आणि तीनशे मीटरची हळूहळू चढण. धरा, हा जवान साताऱ्याकडचा आहे, पंचविशीतला, पलटणीत सगळ्यांच्या पुढे पळणारा. बॅटल लोड, म्हणजे लढाईच्या सामानाचं ओझं, पाठीवर घेऊन पाच किलोमीटरची दौड तो सहज मारतो, नऊ फुटी खंदक एका उडीत ओलांडतो, दोरावर सरसर चढतो. त्याला हे सहा दिवस शिक्षेसारखे वाटतात. त्यात एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, नर्सिंग असिस्टंट पुन्हा पुन्हा तेच विचारतो, “डोकं दुखतंय का? जेवण गेलं का? चक्कर?”

सैनिक मोहिमेवर पाठवण्याजोगा आहे की नाही हे ठरवण्यासाठी जगभरच्या सैन्यांनी गेल्या शंभरेक वर्षांत मोठी यंत्रणा उभी केली. तपासण्या, श्रेण्या, बोर्ड, अहवाल, संगणकावरचे तक्ते. पण या सगळ्याचा भार शेवटी त्या एका प्रश्नाच्या खऱ्या उत्तरावर येऊन पडतो. का, ते समजायला आधी त्या जवानाच्या छातीत काय चाललंय ते पाहावं लागेल.

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर, म्हणजे साडेअकरा हजार फुटांवर आहे. तिथल्या हवेतही ऑक्सिजन मुंबईइतकाच, २१ टक्के. कमी असतो तो हवेचा दाब, मुंबईच्या साधारण दोन-तृतीयांश. १८,००० फुटांवर तो निम्म्यावर येतो. दाब कमी, म्हणून प्रत्येक श्वासाबरोबर फुप्फुसात जाणारा ऑक्सिजन कमी. शरीर लगेच श्वास वाढवतं. पण श्वास वाढला की कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदूतलं श्वासाचं केंद्र ब्रेक लावतं. मग मूत्रपिंडं बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकून तोल सावरतात, तेव्हा कुठे तो ब्रेक सैल होतो. या कामाला दिवस लागतात. ॲसिटाझोलामाइड नावाच्या गोळीने थोडा हातभार लागतो, पण गोळी त्या दिवसांची जागा घेत नाही.

खरा धोका फुप्फुसात असतो. तिथल्या रक्तवाहिन्यांना एक खोड आहे: जिथे ऑक्सिजन कमी, तिथली वाहिनी आकसते. सपाटीवर ही खोड फायद्याची. न्यूमोनियाने फुप्फुसाचा एक तुकडा निकामी झाला, तर तिकडचं रक्त चांगल्या भागाकडे वळतं. डोंगरावर मात्र सगळ्या फुप्फुसातच ऑक्सिजन कमी, म्हणून वाहिन्या सगळीकडे आकसतात, आणि त्याही सारख्या प्रमाणात नाही. ज्या कमी आकसतात त्यांच्यावर रक्ताचा सगळा लोंढा येतो. केशवाहिन्यांच्या नाजूक भिंती पाझरू लागतात आणि वायुकोशांत पाणी भरतं. फौजेत याला ‘हापो’ म्हणतात. आधी धाप आणि कोरडा खोकला, मग गुलाबीसर फेस. वेळेत खाली आणलं, ऑक्सिजन दिला, तर माणूस बरा होतो. रात्रभर थांबलं तर जीव जाऊ शकतो.

इथे तंदुरुस्ती वाचवत नाही. चांगला धावपटू डोंगरावर आजारी पडत नाही, हा समज चुकीचा आहे. उलट ताकदीच्या भरात पहिल्याच दिवशी जोर लावला तर फुप्फुसातला दाब आणखी चढतो. मला या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. ‘फिट’ हा शब्द नुसत्या शरीराबद्दल नसतो. कोणत्या कामासाठी, कोणत्या जागी आणि कधी, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. साताऱ्यात सोमवारी फिट असलेला माणूस लेहला मंगळवारी फिट नसतो. पुढच्या सोमवारी असतो. मग त्याला १२,००० फुटांच्या वर जायचं असेल तर आणखी चार दिवस, १५,००० फुटांच्या वर पुन्हा चार. घरी लांब सुट्टी काढून आला की ही उजळणी परत करायची, कारण कमावलेली सवय शरीर काही आठवड्यांत विसरतं.

आपल्याकडे हे ज्ञान फार महागात मिळालं. १९६२च्या युद्धात सपाटीवरच्या पलटणी घाईघाईने उंचावर नेल्या गेल्या. पुरेसे गरम कपडे नाहीत, विरळ हवेची सवय नाही. त्या दशकात लष्करी डॉक्टरांनी जे काम केलं त्याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. एन. डी. मेनन यांचा हापोवरचा अभ्यास १९६५ साली प्रसिद्ध झाला. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११,००० ते १८,००० फुटांवर आजारी पडलेल्या १,९२५ सैनिकांची पाहणी १९६९ साली मांडली. पर्वतीय आजारांवर लिहिणारे संशोधक आजही या निबंधांपर्यंत मागे जातात.

आता यंत्रणेकडे येऊ. सैनिकाला ‘फिट’ आणि ‘अनफिट’ अशा दोनच खणांत टाकून भागत नाही, हे पहिल्या महायुद्धातच लक्षात आलं होतं. ब्रिटनमध्ये १९१७-१८ या एका वर्षात भरतीसाठी सुमारे २४ लाख तपासण्या झाल्या आणि पहिल्या श्रेणीत बसले ते जेमतेम ३६ टक्के. बाकीच्यांना सगळ्यांना घरी पाठवलं तर लढायचं कोणी? म्हणून श्रेण्या आल्या: हा आघाडीवर, हा पिछाडीच्या कामावर, हा टेबलावर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॅनडा आणि अमेरिकेच्या सैन्यांनी शरीराचे भाग वेगळे करून प्रत्येकाला वेगळा आकडा द्यायची पद्धत आणली. हात, पाय, कान, डोळे, मन, एकूण ताकद.

भारतीय सैन्यात याच धर्तीवर ‘शेप’ आहे. पाच इंग्रजी आद्याक्षरं: मानसिक स्थिती, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता, दृष्टी. प्रत्येकाला एक ते पाच आकडा. पाचही ठिकाणी एक असला की ‘शेप-वन’, म्हणजे कुठेही, कोणत्याही कामाला चालेल. दोन म्हणजे काम करेल, पण काही मर्यादा सांभाळून. तीनला मर्यादा जास्त. चार म्हणजे सध्या रुग्णालयात किंवा आजारपणाच्या रजेवर. पाच म्हणजे कायमचा अयोग्य. एखाद्याचा रक्तदाब वाढलेला निघाला तर शारीरिक क्षमतेच्या खणात दोन पडतात, तेही आधी तात्पुरते. ठरावीक आठवड्यांनी पुन्हा डॉक्टरांचं बोर्ड बसतं आणि श्रेणी चढते, उतरते किंवा कायम होते. याला जोडून आणखी एक संकेत असतो: कोणतं हवामान आणि कोणता भूभाग टाळायचा, डॉक्टरची देखरेख किती हवी, शरीराला कुठलं काम झेपणार नाही. ही जोड मला फार शहाणपणाची वाटते. तुकडीच्या अधिकाऱ्याला काय हवं असतं? आजाराच्या नावापेक्षा, या माणसाला ९,००० फुटांच्या वर पाठवू की नको, एवढं त्याला कळायला हवं असतं.

प्रत्येक पलटणीत सकाळी ‘परेड स्टेट’ बनतं. एकूण किती, रजेवर किती, कोर्सला किती, रुग्णालयात किती, हातात उरले किती. एका कागदावर मावणारे हे आकडे वर सरकत जातात. अमेरिकी सैन्याने याचं टक्केवारीत रूपांतर केलं आहे: मंजूर संख्येच्या ९० टक्के किंवा जास्त माणसं उपलब्ध असली तर मनुष्यबळाची पहिली श्रेणी, ७० टक्क्यांच्या खाली गेली तर चौथी. उपलब्ध कोणाला म्हणायचं, याचे नियम बारीक आहेत. दातांचंच बघा. पुढच्या बारा महिन्यांत ज्याचा दात अचानक ठणकण्याचा संभव आहे असं दंतवैद्याला वाटतं, तो सैनिक उपचार होईपर्यंत मोहिमेवर पाठवता येत नाही. शहरात दाढ दुखली तर संध्याकाळी दवाखाना गाठता येतो. दूरच्या चौकीवर त्याच दाढेसाठी हेलिकॉप्टर मागवावं लागतं. आणि ज्याची तपासणीच वेळेत झालेली नाही, त्याला वेगळ्या खणात टाकतात. तो धडधाकट असेलही, पण माहिती नाही म्हणजे तयार नाही, असा तो हिशोब.

इथवर सगळं मोजता येण्यासारखं आहे. कान यंत्राने तपासतात, डोळे तक्त्याने, दम धावण्याने. अमेरिकी हवाई दलातल्या केनेथ कूपर या डॉक्टरने १९६८ साली दाखवून दिलं की बारा मिनिटांत माणूस किती अंतर पळतो यावरून त्याचं शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं याचा चांगला अंदाज येतो. अवघड आहे ते जे सैनिकाने तोंडाने सांगायचं असतं. डोकेदुखी कोणत्याही यंत्राला दिसत नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर थंडीत गारठलेल्या बोटावर फसतो, आणि आजारी व निरोगी माणसांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. म्हणून जगभर वापरली जाणारी डोंगरी आजाराची मोजणीदेखील प्रश्नांवरच उभी आहे. डोकेदुखी, मळमळ, थकवा, चक्कर यांना शून्य ते तीन गुण. डोकं दुखत असेल आणि बेरीज तीन किंवा जास्त झाली, तर आजार धरायचा. जवान ‘नाही’ म्हणाला तर सगळे शून्य.

आणि जवान ‘नाही’ का म्हणतो? कॅटेगरी, म्हणजे शेपमधली श्रेणी, खाली आली की बढती अडते, चांगला कोर्स हुकतो, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत जायची संधी जाते. सगळ्यात टोचणारी गोष्ट म्हणजे आपल्या जागी दुसऱ्याला ड्युटी लागते. दुखणं लपवण्यात भित्रेपणा नसतो. बहुतेक वेळा त्यामागे साथीदारांबद्दलची माया असते. मनाच्या दुखण्याबाबत हे किती मोठं आहे याचा एक ठोस पुरावा आहे. मोहिमेवरून परतलेल्या अमेरिकी सैनिकांना नेहमीच्या तपासणीत आरोग्याची प्रश्नावली भरावी लागते, नावासकट. एका ब्रिगेडच्या सैनिकांना तशीच प्रश्नावली निनावी भरायला दिली. नैराश्य, युद्धोत्तर मानसिक आघात, आत्महत्येचे विचार यांचं प्रमाण निनावी कागदावर दुप्पट ते चौपट निघालं. २०११ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. म्हणजे नावानिशी भरलेल्या कागदांवरून जो अहवाल वर गेला असता, त्यात निम्मा किंवा त्याहूनही जास्त त्रास गायब होता.

अहवाल लिहिणाऱ्यांवरही असाच दबाव असतो. अमेरिकेच्या लष्करी युद्ध महाविद्यालयातल्या लिओनार्ड वाँग आणि स्टीफन गेरास यांनी २०१५ साली लिहिलं की अधिकाऱ्यांवर इतक्या सक्तीच्या गोष्टींचा भार असतो की सगळ्या पूर्ण करणं अशक्यच, आणि तरी ‘पूर्ण’ अशी खूण केली जाते. आपल्याच सैन्याबद्दल आपल्याच संस्थेत बसून हे लिहायला धैर्य लागतं. २०१८ साली अमेरिकी संरक्षण खात्याने सलग बारा महिन्यांहून जास्त काळ मोहिमेवर जाऊ न शकणाऱ्यांना सेवेतून कमी करण्याचं धोरण आणलं. त्यामागचा विचार समजतो. पण खरं बोलण्याची किंमत वाढली की खरं बोलणारे कमी होतात, हे त्या निनावी कागदांनी आधीच दाखवलं होतं.

मग जास्त प्रश्नावल्या भरून घ्याव्यात का? ब्रिटिश सैन्यात हे करून पाहिलं. अफगाणिस्तानातून परतलेल्या दहा हजारांहून जास्त जणांची पाहणी झाली. काही प्लाटूनना, म्हणजे छोट्या तुकड्यांना, मानसिक चाचणीनंतर ज्याच्या त्याच्या उत्तरांनुसार सल्ला दिला, काहींना फक्त सर्वसाधारण माहिती. २०१७ साली निकाल आला: दोन्ही गटांत आजाराचं प्रमाण सारखंच राहिलं.

उंचावरच्या चौक्यांवर एक जुनी व्यवस्था आहे, ‘बडी’. दोघांची जोडी, एकमेकांवर लक्ष ठेवायचं. डोंगरी आजार मेंदूवर गेला की माणसाला स्वतःची अवस्था कळत नाही. तो ठणठणीत असल्याचं सांगतो आणि ते त्याला खरंच वाटत असतं. तेव्हा बडीने करायची चाचणी साधी आहे. जमिनीवर सरळ रेघ मनात धरायची आणि त्याला एका पावलाची टाच दुसऱ्याच्या चवड्याला टेकवत चालायला सांगायचं. तोल गेला, पाय बाजूला पडला, तर तो काय म्हणतोय ते ऐकायचं नाही. एकटं सोडायचं नाही, ऑक्सिजन लावायचा, रेडिओवरून डॉक्टरला कळवायचं आणि सकाळची वाट न पाहता त्याला खाली न्यायची तयारी करायची.