मांजर घराचे की माणसाचे?

कुत्रा माणसाचा असतो आणि मांजर घराचे, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या म्हटले जाते. बिऱ्हाड हलवताना कुत्रा मागोमाग येतो आणि मांजर मात्र जुन्याच अंगणात जाऊन बसते, हा अनेक कुटुंबांचा अनुभव या समजुतीला बळ देत आला आहे. मांजर दत्तक घ्यावे की नाही याचा विचार करणाऱ्यांच्या मनातही बहुधा हीच शंका असते की, ज्याला आपली ओढ नाही अशा प्राण्याला घरात आणून आपल्याला काय मिळणार? गेल्या वीसेक वर्षांच्या संशोधनाने या शंकेचे बरेचसे निरसन केले आहे. मला ते महत्त्वाचे वाटते, कारण मांजर पाळण्याचे जे लाभ सांगितले जातात, त्यांतील बहुतेकांचे मूळ त्या नात्यातच आहे.

अमेरिकेतील ओरेगन स्टेट विद्यापीठात क्रिस्टिन व्हिटाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मांजराचे पिल्लू आणि त्याला सांभाळणारी व्यक्ती यांना एका अनोळखी खोलीत दोन मिनिटे एकत्र ठेवायचे, मग त्या व्यक्तीने दोन मिनिटे बाहेर जायचे आणि परत यायचे. परत आल्यावर पिल्लू काय करते, याकडे संशोधकांचे लक्ष होते. सुमारे 64 टक्के पिल्ले आपले माणूस दिसताच निवांत झाली, त्याच्याजवळ जाऊन आली आणि पुन्हा खोली धुंडाळू लागली. आईच्या असण्याने तान्ह्या मुलाला जो धीर येतो, तोच हा प्रकार आहे आणि माणसांच्या बाळांतही असे सुरक्षित नाते जोडणाऱ्यांचे प्रमाण जवळपास एवढेच आढळते. प्रौढ मांजरांतही आकडा फारसा बदलला नाही. मांजर नव्या घरातून जुन्या जागी परत जाते ते खरे आहे, कारण तो आपल्या हद्दीला धरून राहणारा प्राणी आहे; पण त्यावरून त्याला माणसाची ओढ नसते असा निष्कर्ष निघत नाही.

ही सोबत जुनीही आहे. सायप्रस बेटावर सुमारे 9500 वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजराचा सांगाडा सापडला. त्या बेटावर मूळची रानमांजरे नव्हती, म्हणजे कोणीतरी ते मांजर किंवा त्याचे पूर्वज होडीतून समुद्रापार नेले होते. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, धान्याची कोठारे भरली, त्यांमागे उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजरे आली, असा हा क्रम मानला जातो. आज जगभरातील पाळीव मांजरांची जनुके त्या भागातील रानमांजरांशी जुळतात.

मांडीवर बसलेल्या मांजराच्या घुरघुरीत नेमके काय घडते, हे कोडे मात्र अजून पूर्ण सुटलेले नाही. 2023 मध्ये ऑस्ट्रियातील संशोधकांनी मृत मांजरांच्या स्वरयंत्रांतून केवळ हवा सोडून 25 ते 30 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 25 ते 30 कंपनांचा, घुरघुरीसारखा आवाज मिळवून दाखवला. मांजराच्या स्वरतंतूंत संयोजी ऊतीची गादीसारखी जाडी असते; तिच्यामुळे एवढ्या लहान प्राण्याच्या गळ्यातून एवढा खालचा स्वर निघू शकतो. या कंपनांनी माणसाची हाडे लवकर जुळतात, असा दावा समाजमाध्यमांवर वारंवार फिरतो, पण त्याला प्रत्यक्ष प्रयोगांचा आधार नाही, तेव्हा तो बाजूला ठेवलेला बरा.

आधार आहे तो वेगळ्या गोष्टीला. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात 249 विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात, बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यातील मांजरे आणि कुत्र्यांना अवघी 10 मिनिटे कुरवाळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या लाळेत कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळले. ज्यांनी फक्त दुसऱ्यांना कुरवाळताना पाहिले किंवा प्राण्यांची चित्रे पाहिली, त्यांना तेवढा लाभ झाला नाही. म्हणजे प्रत्यक्ष स्पर्श महत्त्वाचा ठरला. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 4435 व्यक्तींची माहिती तपासली गेली आणि ज्यांनी कधीतरी मांजर पाळले होते त्यांच्यात हृदयविकाराच्या झटक्याने होणारे मृत्यू कमी दिसले. तरीही मांजर आणले की हृदय सुरक्षित झाले असे कोणी समजू नये. मुळातच शांत स्वभावाची माणसे मांजर पाळत असतील, तर तोही फरक आकड्यांत उतरतो.

उंदरांचा बंदोबस्त हा आपल्याकडे सांगितला जाणारा सर्वांत मोठा फायदा. पण न्यूयॉर्कमधील कचरा-पुनर्वापर केंद्रात 79 दिवस कॅमेरे लावून केलेल्या निरीक्षणात मांजरांनी दोनच मोठे उंदीर मारले. उंदीर मांजरांना घाबरून लपून राहिले, एवढेच. घूस तर बहुतेक मांजरांच्या आवाक्याबाहेरची असते.

मांजराच्या आहाराबाबत आपल्या घरांत होणारी चूक मात्र सविस्तर सांगायला हवी. दूधभातावर मांजर वाढवण्याची आपली पद्धत प्रेमाची असली तरी मांजराच्या शरीराला मानवणारी नाही. मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याचे शरीर पुरेसा बनवू शकत नाही, तो मांस-मासळीतूनच मिळतो. दीर्घकाळ कमी पडला तर दृष्टिपटल खराब होते आणि हृदयाचे स्नायू दुबळे होतात. अनेक प्रौढ मांजरांना दुधातील शर्कराही पचत नाही आणि जुलाब होतात. त्याहून गंभीर धोका औषधांचा आहे. तापासाठी आपण सहज घेतो त्या पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निकामी करणारी यकृतातील यंत्रणा मांजरात फार दुबळी असते.

घरात पाळणा हलणार असे कळताच मांजर बाहेर सोडून दिल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत आणि ती पाहून प्रत्येक वेळी वाईट वाटते. भीती टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची असते आणि ती निराधार नाही, कारण गर्भाला त्याचा संसर्ग घातक ठरू शकतो. पण मांजर हा परजीवी विष्ठेतून सहसा पहिल्या संसर्गानंतरचे एक ते तीन आठवडेच बाहेर टाकते आणि बाहेर पडलेला परजीवी संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणून लिटर ट्रे, म्हणजे मांजराच्या विष्ठेसाठी ठेवलेला वाळूचा ट्रे, रोज आणि घरातील दुसऱ्या कोणी साफ केला, मांजराला कच्चे मांस दिले नाही आणि त्याला घराबाहेर सोडले नाही, तर धोका फारच कमी होतो. गर्भवती स्त्रीने अर्धवट शिजलेले मांस आणि न धुतलेल्या भाज्या टाळणे तितकेच आवश्यक असते. रेबीजबाबत मात्र हयगय नको: मांजराला लस द्यावी, आणि अनोळखी मांजर चावले किंवा ओरखडले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुऊन लगेच डॉक्टर गाठावा.

दत्तक घेताना माझा कौल निःसंशय देशी मांजराला आहे. चपट्या नाकाच्या पर्शियन मांजरांत श्वसनाचा त्रास आणि सतत पाणावणारे डोळे नेहमी दिसतात, शिवाय मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक विकार त्या जातीत बराच पसरलेला आहे. सोसायटीच्या वाहनतळात जन्मलेले पिल्लू विकत घ्यावे लागत नाही आणि आपल्या हवेला ते सरावलेले असते. दोन ते सात आठवडे या वयात ज्या पिल्लाला माणसाचा हात लागतो, ते पुढे माणसाळते. तरीही आठ आठवड्यांपर्यंत त्याला आईपासून तोडू नये. मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत विते, त्यामुळे नसबंदीची तारीख पशुवैद्याकडून पहिल्या लसीच्या वेळीच ठरवून घ्यावी.

घरी आणलेल्या पिल्लाला पहिले काही दिवस एकच खोली आणि एक रिकामा पुठ्ठ्याचा खोका द्यावा. नेदरलँड्समधील एका निवाऱ्यात लपायला खोका मिळालेली मांजरे इतरांपेक्षा लवकर स्थिरावल्याचे 2014 मध्ये दिसून आले. त्याला ओढून बाहेर काढू नये. खोलीत जमिनीवर बसावे, त्याने पाहिले की डोळे सावकाश अर्धे मिटावेत आणि पुन्हा उघडावेत. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या 2020 च्या प्रयोगात असे डोळे मिटणाऱ्या अनोळखी माणसाच्या हाताकडेही मांजरे अधिक सहज आली होती. डोळे मिटणारे मांजर आपल्या म्हणीत चोरून दूध पिणारे आहे, पण खोक्यातून आपल्याकडे पाहत पापण्या हलकेच मिटणारे पिल्लू भीती विसरू लागलेले असते, आणि आपला हात तिथेच जमिनीवर ठेवला तर थोड्या वेळाने ते तो हुंगायला येते.